अपुरे कोडे: घरी करावयाच्या जुळणीकोड्यांची रचना व जपणूक

'कोडे' या शब्दाने मराठी माणसास प्रथम आठवते ते तोंडी कोडे. गोमंतकात त्यास हुमाण म्हणतात, अन्यत्र उखाणा असेही म्हणतात. अशा कोड्यास दोन व्यक्ती लागतात. एक घालणारी व दुसरी सोडविणारी. उत्तर बरोबर की चूक याचा निवाडा कोडे घालणाऱ्याकडे असतो व मुलाने तो मान्य करावयाचा असतो. मुलांच्या हाती दिल्या जाणाऱ्या तुकड्यांच्या कोड्याची जात याहून भिन्न आहे. चित्र, नकाशा अथवा आकृती यांचे तुकडे करून ते पुन्हा जुळवावयास सांगितले असता निवाडा करावयास दुसऱ्या व्यक्तीची आवश्यकता राहत नाही. तुकडा बसला तर बसला. न बसल्यास जागा तरी चुकली आहे, तुकडा तरी उलटा आहे. हा निवाडा वस्तू स्वतः करते, तो सर्वांना सारखाच असतो आणि तो ऐकताना मुलास कोणाच्या चेहऱ्याकडे पाहावे लागत नाही.

अशा कोड्यांस प्रस्तुत लेखात 'जुळणीकोडे' ही संज्ञा योजिली आहे. ती घरी कशी करावीत, त्यांचा क्रम कसा लावावा आणि ती कशी जपून ठेवावीत, यांचे विवेचन येथे करावयाचे आहे. कोडे करणे हे कौशल्याचे काम आणि ते ठेवणे ही केवळ घरातली टापटीप, असा सर्वसाधारण समज आढळतो. तो बरोबर नाही. ज्या कोड्याचा एक तुकडा हरवला आहे ते कोडे खोटा निवाडा देऊ लागते. म्हणून कोड्याची जपणूक हा त्याच्या रचनेचाच भाग मानावयास हवा.

१. पूर्वपीठिका

जुळणीकोड्याचा ज्ञात इतिहास अठराव्या शतकातील इंग्लंडपर्यंत मागे जातो. लंडनमधील नकाशे कोरणारा व विकणारा जॉन स्पिल्सबरी याने १७६० नंतरच्या दशकात लाकडी फळीवर नकाशा चिकटवून तो देशांच्या सीमारेषांवर कापला व असे 'विच्छेदित नकाशे' भूगोलाच्या शिक्षणासाठी विकावयास काढले. त्याचा युरोपखंडाचा १७६६ सालचा नकाशा प्रसिद्ध आहे. ही वस्तू सधन घरांतील होती. जेन ऑस्टिन हिच्या 'मॅन्सफील्ड पार्क' (१८१४) या कादंबरीत गरीब घरातून श्रीमंत नातलगांकडे आलेल्या फॅनी प्राइस या मुलीस युरोपचा नकाशा जुळविता येत नाही, याचे तिच्या मावसबहिणींस मोठे आश्चर्य वाटते. फॅनीची बुद्धी मंद नव्हती. तिच्या घरी ते कोडे नव्हते, इतकेच. साधनाचा अभाव हा बुद्धीचा अभाव म्हणून कसा गणला जातो, याचे हे बोलके उदाहरण होय.

एकोणिसाव्या शतकात फ्रीड्रिख फ्रॉबेल याने जर्मनीतील ब्लांकेनबुर्ग येथे १८३७ साली आपल्या बालशिक्षणकार्यास आरंभ केला. १८४० साली त्यास 'किंडरगार्टन' हे नाव मिळाले. त्याच्या साधनमालेतील तिसरे साधन म्हणजे आठ लहान घनांत विभागलेला एक लाकडी घन. हे साधन मुलास देण्याची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. पेटी पालथी ठेवून तिचे सरकते झाकण काढून घ्यावयाचे व मग पेटी अलगद वर उचलावयाची. म्हणजे मुलास प्रथम अखंड घन दिसतो. खेळ संपल्यावर मुलाने तो घन पुन्हा पूर्ण करावयाचा व त्यावर पेटी बसवावयाची. येथे आवरणे ही खेळाची शेवटची पायरी आहे. आठांपैकी एक घन कमी असेल तर ती गोष्ट पेटी भरतानाच उघड होते.

फ्रान्समधील एदुआर सेगँ याने मंदबुद्धी मुलांच्या शिक्षणात आकृतींच्या खाचा असलेल्या फळ्या वापरल्या. त्याच्या कार्याचा अभ्यास करून डॉ. मारिया माँटेसरी यांनी आपली साधने सिद्ध केली. रोम येथे ६ जानेवारी १९०७ रोजी त्यांनी उघडलेल्या बालगृहात मुठीचे दट्टे, भूमितीच्या आकृत्यांच्या खाचफळ्या यांसारखी साधने वापरात आली. दहा दट्टे व दहा खाचा अशी रचना असल्यामुळे एक दट्ट्या चुकीच्या खाचेत गेला तर शेवटी एक दट्ट्या व एक खाच परस्परांशी न जुळणारी अशी उरतात. चूक मुलास आपोआप कळते व ती सुधारण्याचा मार्गही समोरच असतो. या गुणास त्यांनी 'चुकीचे नियंत्रण' असे म्हटले.

हा विचार भारतात लवकर पोहोचला. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी पुढे नूतन बाल शिक्षण संघाच्या (स्थापना १९२६) द्वारे हे कार्य महाराष्ट्रात आणले आणि १९४५ पासून बोर्डी येथे व १९५७ पासून कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्या साहाय्याने ते ग्रामीण व आदिवासी मुलांपर्यंत नेले. विलायती साधनांची किंमत खेड्यास परवडणारी नव्हती. म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे, पाने यांतून साधने सिद्ध करण्याचा मार्ग त्यांनी अवलंबिला. घरी कोडे करण्याचा विचार याच परंपरेत बसतो. फॅनीजवळ जे नव्हते ते रद्दीच्या पुठ्ठ्यातून कोणत्याही घरास उभे करता येते.

२. साहित्य व कृती

घरगुती कोड्यास चित्र, पुठ्ठा, खळ व धारदार पाते एवढे साहित्य पुरे होते. चित्रासाठी जुन्या दिनदर्शिका उत्तम. त्यांचा कागद जाड व रंग पक्के असतात. पुठ्ठा सुमारे दोन मिलिमीटर जाडीचा असावा. वह्यांच्या पाठीचा पुठ्ठा एकेरी असल्यास पातळ पडतो. दोन थर एकमेकांस चिकटवून ती उणीव भरून काढता येते. नालीदार खोक्याचा पुठ्ठा मात्र टाळावा, कारण कापलेल्या कडा चेपतात व एकदा चेपलेली कड पुन्हा नेमकी बसत नाही.

खळ मैद्याची किंवा चिंचोक्याची चालते. पुस्तकबांधणीच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालण्याची चाल आहे. परंतु मोरचूद विषारी असल्याने, व लहान मूल हाती येईल ते तोंडात घालीत असल्याने, कोड्यांच्या खळीत तो कदापि घालू नये. चित्र पुठ्ठ्याच्या एकाच बाजूस चिकटविले तर वाळताना कागद आकसतो व पुठ्ठा त्या बाजूस वाकतो. यावर उपाय असा की, मागील बाजूसही त्याच जाडीचा साधा कागद त्याच वेळी चिकटवावा. दोन्ही बाजूंची ओढ समान झाली म्हणजे पुठ्ठा सपाट राहतो. नंतर तो पाट्याखाली किंवा जाड पुस्तकांच्या ढिगाखाली निदान एक रात्र दाबून ठेवावा.

पुठ्ठा पूर्ण वाळल्यावाचून कापू नये. ओला पुठ्ठा पात्याखाली फाटतो. कापण्याच्या रेषा मागील बाजूवर आखाव्यात. सरळ छेदासाठी पोलादी पट्टी धरून पाते हलक्या हाताने तीन-चार वेळा फिरवावे. एकाच जोरात कापण्याच्या प्रयत्नात कड तिरपी होते. कात्रीने कड वळते, म्हणून कात्री केवळ वक्र रेषांपुरती वापरावी. कडांवर पॉलिश पेपर एकवार फिरविला असता तुकडे सुलभ बसतात. कापण्याचे काम मोठ्यांचे. चित्र निवडणे, खळ लावणे व दाबणे यांत मूल सहभागी होऊ शकते. तीन वर्षांखालील मुलांसाठी कोणताही तुकडा पाच सेंटिमीटरांहून लहान नसावा, म्हणजे तो घशात अडकण्याचे भय राहत नाही.

पट्टी उचलण्यापूर्वी एक गोष्ट करावी. ज्या पुठ्ठ्यातून कोडे कापले त्याच मापाचा दुसरा पुठ्ठा तळ म्हणून घेऊन त्याच्या चारही बाजूंस पट्ट्या चिकटवाव्यात. ही चौकट जुळणीच्या वेळी तुकड्यांस सरकू देत नाही. तिचे दुसरे काम साठवणीच्या प्रकरणात येईल.

३. छेदाचा विचार

कोड्याची योग्यता चित्राच्या सौंदर्यावर फारशी अवलंबून नसते. छेद कोठून घेतला हे अधिक महत्त्वाचे. चित्राचे सारख्या मापाचे चौरस तुकडे केले तर कोणताही तुकडा कोणत्याही जागी, चार दिशांपैकी कोणत्याही दिशेने, बसतो. वस्तू 'चूक' म्हणत नाही. चूक केवळ चित्रातील विसंगतीवरून ओळखावी लागते. तीन वर्षांच्या मुलास हे कठीण जाते. त्याच्यासाठी छेद असमान घ्यावेत, म्हणजे चुकीच्या जागी तुकडा बसणारच नाही. त्यातही पहिल्या कोड्यांत वस्तूच्या अवयवांवरून छेद जावा: बैलाचे शिंगांसह डोके हा एक तुकडा, वशिंड व पाठ हा दुसरा, पाय हा तिसरा. तुकडा हाती घेताच त्याचे नाव घेता येते व नावावरून जागा सुचते. पुढील टप्प्यावर छेद अवयवांमधून जाऊ द्यावा आणि समान चौरस सर्वांत शेवटी यावेत. त्या वेळी मूल चित्राच्या साक्षीवर विसंबण्याइतके तयार झालेले असते.

तुकड्यांची संख्या हे काठिण्याचे एकमेव माप मानले जाते, तेही सदोष आहे. २४ × १८ सेंटिमीटरांच्या एका चित्राचा विचार करू जाता पुढील गोष्ट दिसते. त्याचे दोन ओळी व दोन रकाने याप्रमाणे ४ तुकडे केले तर चारही कोपऱ्याचे असतात; प्रत्येकास दोन बाजूंनी चौकटीचा आधार मिळतो. दोन ओळी व तीन रकान्यांचे ६ तुकडे केले तर चार कोपऱ्याचे व दोन कडेचे. निराधार असा एकही नाही. तीन ओळी व चार रकान्यांच्या १२ तुकड्यांत चार कोपऱ्याचे, सहा कडेचे व दोन मधले असतात. चार ओळी व सहा रकान्यांच्या २४ तुकड्यांत मात्र चार कोपऱ्याचे, बारा कडेचे आणि आठ मधले होतात. संख्या दुप्पट झाली, परंतु चौकटीचा आधार नसलेले तुकडे चौपट झाले. बारा तुकड्यांचे कोडे लीलया जुळविणारे मूल चोवीस तुकड्यांपाशी का अडते, याचे हे एक कारण होय. मध्ये १६ व २० तुकड्यांच्या पायऱ्या ठेवल्या असता मधल्या तुकड्यांची संख्या अनुक्रमे चार व सहा होते व चढण सुसह्य होते.

४. दोन नमुने

पहिला नमुना स्पिल्सबरीच्या परंपरेतील, महाराष्ट्राच्या नकाशाचा. १ मे १९६० रोजी राज्य स्थापन झाले तेव्हा २६ जिल्हे होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाल्यापासून ३६ आहेत. जुना शालेय नकाशा कोड्यासाठी घेतल्यास त्यात सिंधुदुर्ग, जालना, लातूर, गडचिरोली, नंदुरबार, वाशिम, हिंगोली, गोंदिया आदी जिल्हे वेगळे दिसणार नाहीत. म्हणून नकाशाचे साल पाहूनच तो निवडावा. प्रथम कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती व नागपूर या सहा महसुली विभागांचे सहा तुकडे करावेत; त्यानंतर जिल्ह्यांचे कोडे वेगळ्या नकाशावर करावे. यात दोन अडचणी येतात. कोकणपट्टीचे तुकडे लांब व अरुंद होत असल्याने ते बारीक भागापाशी दुमडतात. तेथे पुठ्ठ्याचा आणखी एक थर द्यावा. मुंबई शहर जिल्ह्याचा तुकडा नखाएवढा होतो व तो हरवणार हे ठरलेलेच. यास्तव मुंबई शहर, मुंबई उपनगर व ठाणे यांचा एकच तुकडा करून त्यावर सीमारेषा शाईने दाखवाव्यात. जो तुकडा जपता येणार नाही तो कापू नये, हा नियम येथे स्पष्ट होतो.

दुसरा नमुना मूळ चीनमधील, 'टॅनग्राम' या नावाने जगभर गेलेल्या सात तुकड्यांच्या चौरसाचा. तो केवळ घडी घालून आखता येतो. चौरस कागद कर्णावर कापून दोन त्रिकोण करावेत. पहिल्याचे मधोमध दोन भाग केले म्हणजे दोन मोठे त्रिकोण मिळतात. दुसऱ्या त्रिकोणाचा काटकोनाचा कोपरा समोरच्या बाजूच्या मध्यबिंदूवर दुमडून घडीवर कापले असता एक मध्यम त्रिकोण सुटतो व समलंब चौकोन उरतो. त्याचे मधोमध उभे दोन भाग करावेत. एका भागाचे निमुळते टोक उभ्या रेषेत कापले की एक लहान चौरस व एक लहान त्रिकोण होतो. दुसऱ्या भागाच्या लांब बाजूवरील काटकोनाचा कोपरा समोरच्या कोपऱ्यावर दुमडून घडीवर कापले की एक समांतरभुज चौकोन व दुसरा लहान त्रिकोण होतो. हे सात तुकडे मग पुठ्ठ्यावर उतरवून घ्यावेत.

लहान त्रिकोणाचे क्षेत्रफळ १ मानले तर मध्यम त्रिकोण, चौरस व समांतरभुज चौकोन प्रत्येकी २ आणि मोठे त्रिकोण प्रत्येकी ४ होतात, एकूण १६. चौरस, त्रिकोण, पक्षी, नाव, मनुष्य अशी कोणतीही आकृती रचली तरी ही बेरीज बदलत नाही. मुलास हा नियम सांगावा लागत नाही. दोन लहान त्रिकोणांनी चौरस झाकला जातो हे त्याच्या हातास आधी कळते. यांतील समांतरभुज चौकोन हा एकच तुकडा असा आहे की, जो पालथा केल्याने वेगळ्या रीतीने बसतो. म्हणून तो दोन्ही बाजूंनी एकाच रंगाचा ठेवावा.

५. खूण, मोजणी व साठवण

घरात पाचसहा कोडी झाली म्हणजे तुकड्यांची सरमिसळ होऊ लागते. ती निस्तरण्याचा उपाय कोडे करतेवेळीच योजावयास हवा. कापण्यापूर्वी मागील बाजूवर, प्रत्येक तुकड्यात एक याप्रमाणे, त्या कोड्याची खूण काढावी. वाचता न येणाऱ्या मुलासाठी ती चांदणी, पान, मासा अशी चित्ररूप असावी. मोठ्या मुलासाठी अक्षर चालेल. खुणेमुळे तुकडा कोणत्या कोड्याचा हे कळते, तसेच त्याची पालथी बाजू कोणती हेही कळते. तुकड्यांवर क्रमांक मात्र घालू नयेत. तसे केल्यास मूल चित्र सोडून अंक जुळवू लागते. सात तुकड्यांच्या चौरसात पालथी बाजू अशी नसल्यामुळे खूण दोन्ही बाजूंस काढावी.

प्रत्येक कोड्यास स्वतंत्र थैली अथवा डबा असावा व त्यावर तीच खूण, पूर्ण चित्राचे लहानसे रेखाटन व तुकड्यांची संख्या असावी. संख्या अंकात लिहून शिवाय तितके ठिपके काढले असता चार वर्षांचे मूलही एकेका ठिपक्यावर एकेक तुकडा ठेवून मोजणी करू शकते. तथापि लहान कोड्यांसाठी मोजणीहून सोपा मार्ग चौकटीचा. कोडे जुळलेल्या स्थितीतच चौकटीत ठेवून वरून दोरीने बांधले म्हणजे पूर्णता डोळ्यांना दिसते. फ्रॉबेलची पेटी हेच काम करीत असे.

सर्व कोडी एकाच वेळी मुलांसमोर ठेवू नयेत. तीन किंवा चार हाताशी येतील अशा फळीवर, काठिण्याच्या क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडावीत. बाकीची वर ठेवावीत व काही दिवसांनी बदलावीत. दुसरे कोडे घेण्यापूर्वी पहिले जागेवर जावे, एवढा एकच नियम पाळला तरी सरमिसळ बहुतांशी टळते. पावसाळ्यात दमट हवेने पुठ्ठा फुगतो व खळीच्या वासाने झुरळे येतात. म्हणून त्या दिवसांत कोडी घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून अधूनमधून उन्हे दाखवावीत.

६. हरवलेला तुकडा

इतकी काळजी घेऊनही तुकडा हरवतो. घरांतून अशा वेळी दोन गोष्टी घडतात. एक तर कोडे तसेच फळीवर राहते. अथवा 'तूच हरवलास' म्हणून मुलास बोल लागतो. पहिली गोष्ट अधिक हानिकारक मानावयास हवी. तुकडा कमी आहे हे ठाऊक नसलेले मूल, विशेषतः घरातील धाकटे भावंड, कोडे घेऊन बसते आणि शेवटी एक रिकामी जागा उरते. पूर्ण कोड्याने त्यास आजवर असे शिकविलेले असते की, काही बसत नसेल तर आपले काही चुकले असावे. त्याच विश्वासाने ते बरोबर बसलेले तुकडे उचकटते, पुन्हा जुळविते, पुन्हा त्याच जागी अडते. दोष साधनाचा असून तो स्वतःकडे घेण्यावाचून त्याजपाशी उपाय नसतो. फॅनीपाशी कोडे नव्हते. याच्यापाशी आहे, परंतु ते त्याची फसवणूक करीत आहे.

उपाय सोपा आहे. उरलेले कोडे चौकटीत जुळवून रिकाम्या जागेवर पातळ कागद ठेवावा व पेन्सिलीने खाचेची कड उतरवून घ्यावी. तो आकार त्याच जाडीच्या पुठ्ठ्यावर कापून पांढरा कागद लावून बसवावा. बैलाचा पाय अथवा आभाळाचा कोपरा त्यावर मुलानेच रंगवावा. न रंगविला तरी चालेल. पांढरा तुकडा आपण बदली आलेला आहे हे लपवीत नाही व जागाही भरून काढतो. सात तुकड्यांच्या चौरसात तर दुरुस्ती हाच पाठ होतो: लहान त्रिकोण हरवला तर दुसऱ्या लहान त्रिकोणावरून तो आखता येतो; मध्यम त्रिकोण हरवला तर दोन लहान त्रिकोण शेजारी मांडून त्याची सीमा मिळते. नवा तुकडा होईपर्यंत मात्र ते कोडे फळीवरून उचलून ठेवावे.

बाजारात आज यंत्राने कापलेली, सुबक व स्वस्त कोडी विपुल मिळतात. घरगुती कोडे सुबकपणात त्यांची बरोबरी करू शकणार नाही. परंतु विकतच्या कोड्याचा तुकडा हरवला की ते बहुधा कायमचे अपुरे राहते. घरी केलेले कोडे ज्या हातांनी कापले त्याच हातांनी पूर्ण होऊ शकते. कोणती खूण कोणत्या कोड्याची, तुकडे किती, छेद कोठून गेला, हे ज्यास ठाऊक आहे अशी व्यक्ती घरात असते. मुलाने दिवसाअखेरीस डब्यावरील ठिपक्यांवर तुकडे मांडावेत, ते पुरेपूर भरावेत आणि मग झाकण लावावे. दुसऱ्या दिवशी ते कोडे ज्याच्या हाती जाईल त्यास खरा निवाडा मिळेल.